मदत हवी आहे: पीईबी (कारखान्यात भाग बनवून साइटवर जोडायच्या पोलादी) शेडची ऑर्डर देण्याआधी

मंडळी, २० मीटर रुंद, ४० मीटर लांब शेड ठरते आहे. मधे खांब नको. ८ मीटरचे पाच गाळे, कडेची उंची ६ मीटर, छताचा उतार १:१०, म्हणजे मोभ ७ मीटरवर. आत ३ टनांची क्रेन आजच धरली आहे. नंतर बसवायची म्हटलं की खांब आणि पाया दोन्ही अपुरे पडतात.

खरा पेच खांबांच्या बुडाशी आहे. पिन्ड बेस (बुडाशी बिजागरीसारखा जोड) घेतला तर पाया लहान होतो, पण खांब जड होतात आणि क्रेन धावताना फ्रेम (खांब-तुळयांची चौकट) जास्त झुलते. फिक्स्ड बेसने (बूड घट्ट जखडून) झुलणं आवरतं, मात्र सगळा मोमेंट (वाकवणारा जोर) पायावर येतो, आणि इथली माती भुसभुशीत आहे. अशा जमिनीवर ३ टनांसाठी पिन्ड बेस पुरल्याचा कोणाला अनुभव आहे का?

दुसरं, लांब भिंतीत ५ मीटरचं शटर नेमकं क्रॉस ब्रेसिंगच्या (खांबांमधल्या फुलीसारख्या तिरक्या आधारांच्या) गाळ्यात येतंय. ब्रेसिंग शेजारच्या गाळ्यात सरकवावं की तिथे पोर्टल ब्रेसिंग (फुलीऐवजी दाराच्या चौकटीसारखा आधार) घ्यावं?

पुढे लांबी वाढवायची आहे, म्हणून एका टोकाला हलक्या गेबल (टोकाच्या भिंतीच्या) खांबांऐवजी पूर्ण मुख्य फ्रेमच मागतोय. त्यावर तडजोड नाही.

अँकर बोल्ट (खांब पायाला धरणारे) बसवताना टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) कशाचं वापरता, तेही सांगा. काँक्रीट ओतताना बोल्ट थोडे जरी सरकले तरी बेस प्लेट (खांबाच्या बुडाची भोकांची प्लेट) बसत नाही, मग साइटवर भोकं गॅसने मोठी करतात. ते टाळायचं आहे.