भाचीला गलाईमागचं शास्त्र शिकायचंय. असा कोर्स असतो का?

वाइंडिंगवाला_विटा

नमस्कार मंडळी. विट्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. भाची यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ९६ पर्सेंटाइल. दाजी कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. खानापूर-आटपाडीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, आमच्याकडे घरटी एक माणूस परमुलखात कुठंतरी सोनं गाळत बसलेला असतो.

पोरगी सुट्टीला तिकडं गेली की भट्टीपासून हलत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिनं दाजींना विचारलं, "मोडीचं सोनं शुद्ध करायचंय, तर त्यात आधी वरून चांदी कशाला घालता?" दाजी म्हणाले, पहिल्यापासून असंच करतात. कारागिरांना विचारलं, तेच उत्तर. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय की हे कुठंतरी शिकवत असतील, मला तेच शिकायचं.

सांगलीत एका काउन्सेलिंगवाल्याकडे नेलं. त्यानं छापील कागद हातात दिला: कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स, ईएनटीसी. यातलं निवडा म्हणाला. फी मात्र मोजून घेतली. ताईचं म्हणणं आणखी वेगळं, "त्या तेजाबाच्या धुरातनं पोरगी बाहेर पडावी म्हणून शिकवली, आणि ही परत तिकडंच निघाली."

त्या कागदाबाहेर काही असतं का? असलं तर शोधायचं कसं?

सांगलीकर_आयटी

मामा, कॉम्प्युटर घ्या आणि मोकळे व्हा. आवड वगैरे नोकरी लागल्यावर बघता येते.

माणदेशी_मासेवाली

वरच्या दादांना नमस्कार, पण हेच मलाही सांगितलं होतं (तेव्हा कॉम्प्युटरच्या जागी डी.एड. होतं).

माझं माहेर दहिवडीकडचं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं गाव. आणि मी शिकले मत्स्यशास्त्र! रत्नागिरीला शिरगावात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कॉलेज आहे, तिथं चार वर्षांचं बी.एफ.एस्सी. केलं. गावात चेष्टा व्हायची, मासे धरायला डिग्री लागते होय? जाळं विणायची सुई कशी धरायची इथपासून जहाजाची दिशा कशी काढायची इथपर्यंत सगळं शिकवलं. रोहू, कटला तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणून नर-मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन टाकीत प्रजनन करवतात. डॉ. हिरालाल चौधरींनी १० जुलै १९५७ ला ओडिशात हे जमवून दाखवलं, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. पहिल्यांदा माझ्या हातच्या मादीची अंडी फुगून पारदर्शक मण्यांसारखी दिसली, त्या रात्री मी हॉस्टेलवर जेवायलासुद्धा गेले नव्हते.

हे मला कुणी सुचवलं नव्हतं. ॲग्रीच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका आणली होती. सगळे पहिली ओळ बघून पान उलटतात, मी खालपर्यंत वाचत गेले: उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र. तुम्हीही तसंच करा. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ असते. सगळे त्यात कॉलेजचं नाव शोधतात. तुम्ही फक्त कोर्सची नावं वाचत जा, आणि जे नाव कधी ऐकलं नाही त्याचा सिलॅबस उघडा.

नोकरीचंही खरं सांगते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या जाहिराती रोज निघत नाहीत. आमच्यातले बरेच कोळंबीच्या खाद्य कंपन्यांत गेले, काही सरळ बँकेत.

फौंड्रीवाला_पलूस

मामा, तुमची भाची विचारतीय त्या शास्त्राचं नाव मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र. आणि तिच्या प्रश्नाला उत्तर आहे.

तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. ते चांदी विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. पण गोळ्यात सोनं जास्त असलं, तर ते चांदीला चहूबाजूंनी वेढून बसतं आणि ॲसिड आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी चांदी वाढवायची, साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी. मग ॲसिड आरपार जातं, चांदी आणि तांबं पाण्यात उतरतं, तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती मुशीत वितळवली की पिवळं धमक सोनं. तुमच्या दाजींचे हात हे बरोबर करतात, त्यांना कारण कुणी सांगितलं नाही एवढंच. हॉलमार्किंग सेंटरमध्ये सोन्याचा कस काढतात तो याच तत्त्वावर, फक्त तिथं आधी शिसं घालून तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू काढून टाकतात. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा माल विकता येत नाही, त्यामुळे अशी परीक्षा करणारी माणसं लागतातच.

मी स्वतः पुण्याच्या सीओईपीतून मेटलर्जी केली. कॉलेज १८५४ चं, आता विद्यापीठ झालंय. तिथं सीईटीवर प्रवेश होतो. नागपूरचं व्हीएनआयटी आणि आयआयटी मुंबईतही ही शाखा आहे, पण तिथं जेईई लागते. आपल्या सांगलीच्या वालचंदमध्ये ही शाखा नाही, नाहीतर घरून येऊनजाऊन झालं असतं.

पण फक्त सोन्यासाठी या शाखेत येऊ नका. चार वर्षांत सोनं क्वचित हातात येईल, लोखंडच जास्त. पोलादाचा तुकडा एमरी पेपरवर घासायचा, पेपर बारीक बारीक करत जायचं, शेवटी मखमली कापडावर आरशासारखा करायचा. मग नायटलचा हलका हात: अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक. ताईंना सांगा, तेजाब इथंही सुटत नाही! मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. पांढरे कण दिसतात, त्यांच्यामध्ये बोटांच्या ठशासारखे पट्टे. त्या पट्ट्यांवरून सांगता येतं की माल सावकाश थंड झाला की घाईनं. ग्राहकानं परत पाठवलेला तुटका भाग टेबलावर आला की मी अजून हेच करतो.

काम आपल्या भागात भरपूर आहे. किर्लोस्करवाडी १९१० ची, तेव्हापासून इथं लोखंड ओतलं जातंय. कुपवाड, शिरोली, गोकुळ शिरगाव सगळीकडे फौंड्र्या आहेत. सुरुवातीचा पगार आयटीवाल्यापेक्षा कमी असतो, हे आधीच कळलेलं बरं.

कराडची_काकू

फीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश) फेरीतून झाला असेल तर, व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क माफ आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये आत्ताच जा, जुलैत तिथं उभं राहायला जागा नसते.

वाइंडिंगवाला_विटा

मी भाची लिहितेय, मामांचा मोबाइल आहे. फौंड्रीवाले काका, तुमचं उत्तर बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अजून काय विचार त्याला." तेजाबात गेलेली चांदी ते तांब्याच्या पट्ट्या टाकून परत काढतात, ते मला बारावीच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत सापडलं. पण मेटलर्जीत केमिस्ट्री जास्त की फिजिक्स? आणि पर्याय भरताना मेटलर्जी पहिल्या नंबरला टाकू का?

फौंड्रीवाला_पलूस

पहिल्या दोन वर्षांत थर्मोडायनॅमिक्स घाम काढतं, म्हणजे दोन्ही. बाकी तू पट्ट्यांचं स्वतः शोधलंस, तुला जमेल.

पहिल्या नंबरला टाकलेलं मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून फॉर्म भरायच्या आधी मामांना घेऊन आमच्याकडे ये. शनिवारी दुपारी ओतकाम असतं. मामांचा मेसेज आला की पत्ता पाठवतो. येताना बूट घालून या, चप्पल असली तर वॉचमन आत सोडत नाही.