मदत हवी आहे: वेळ बदलली, दिल्लीचं कनेक्शन तासाभरावर आलं

पुणे-दिल्ली-फ्रँकफर्ट, दोन्ही टप्पे एकाच एअरलाइनचे, एकच पीएनआर. बुकिंग ट्रॅव्हल साइटवरून. प्रवास पुढच्या महिन्यात 18 तारखेला.

आधी दिल्लीत 22:20 ला उतरून 01:35 चं विमान होतं. आता पुण्याचं विमान उशिरा करून दिल्लीला 00:35 ला पोचवतायत. म्हणजे बरोबर एक तास, त्यात इमिग्रेशन, सिक्युरिटी आणि एक व्हीलचेअर. सिस्टिम याला ‘वैध कनेक्शन’ म्हणते, म्हणो बापडी!

मेलमधलं ‘स्वीकारा’ बटण दाबलेलं नाही. त्याच दिवशीच्या दुपारच्या पुणे-दिल्ली विमानात जागा आहेत, तेच हवंय. एअरलाइन म्हणते एजंटकडे, म्हणजे त्या ट्रॅव्हल साइटकडे जा. एजंट म्हणतो तारीख-बदलाचे माणशी 3,500 भरा. पण तारीख बदलतच नाहीये आणि बदल आम्ही केलेला नाही. रिफंड नको, आजचं भाडं दुपटीच्या घरात आहे. पुण्याचा टप्पा सोडून थेट दिल्लीला चढायचं सुचवू नका, पहिला टप्पा चुकला की पुढचं तिकीट रद्द होतं.

दुसरी धास्ती: पीएनआरमध्ये नवीन विमान दिसतं, पण ई-तिकीट रीइश्यू (नव्या विमानासाठी पुन्हा जारी) झालेलं नसतं आणि काउंटरवर घोळ होतो.

तर, तिकीट एजंटचं असताना एअरलाइनकडूनच फुकट बदल करून घेण्यासाठी कॉलवर नेमकं काय मागायचं? की विमानतळावरच्या तिकीट काउंटरवर काम लवकर होतं? आणि रीइश्यू झालं हे 13 आकडी तिकीट नंबरावरून कसं तपासायचं?