फ्रीरेन आणि परफेक्ट डेज

'फ्रीरेन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेत काही घडतच नाही म्हणून चौथ्या भागात सोडली, असं एकाने लिहिलंय. अहो, घडायचं ते आधीच घडून गेलंय! राक्षसराजा मेलाय, वीर घरी परतलेत. त्यांच्यातली फ्रीरेन ही एल्फ, म्हणजे दीर्घायुषी जमातीतली; हजारावर वर्षं जगलेल्या तिला या वीरांची दहा वर्षांची सोबत म्हणजे चिमूटभर. मग त्या वीरांचा म्होरक्या हिमेल म्हातारपणाने जातो आणि ही दफनाच्या वेळी रडते, की याला जाणून घ्यायचा साधा प्रयत्नही मी केला नाही. पुढे त्याच्या पुतळ्याभोवती लावायला ती एक निळं फूल महिनोन्महिने शोधत बसते. तिथे मी गार. शिवाय पेटीरूपी राक्षसाच्या जबड्यात डोकं अडकवून पाय झाडते, ते वेगळंच. पहिल्या सीझनचे २८ भाग आठवड्यात संपवले.

त्यावर 'परफेक्ट डेज' (२०२३) हा चित्रपट पाहिला. टोकियोतला स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा भांड्याच्या कडेखालचा भाग छोटा आरसा धरून तपासतो. ही भूमिका करणाऱ्या कोजी याकुशोला कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते उगाच नाही. भाचीचा भाग मला जरा ओढून आणल्यासारखा वाटला, पण शेवटी गाडी चालवताना त्याच्या चेहऱ्यावर हसू-रडू एकत्र येतं, तेव्हा आमच्या घरी कुणी रिमोटला हात लावला नाही.