मदत हवी आहे: हॅलोवीनच्या चित्रपुस्तकासाठी चित्रकार (तातडीने)

रानवेल
लहान मुलांसाठी हॅलोवीनवर कविता लिहून तयार आहे. गोष्टच आहे, पण कवितेत. २८ कडवी. तिचं चित्रपुस्तक करायचं आहे आणि ऑक्टोबरच्या आत ते छापून हातात हवं. चित्रकार सुचवा. १४-१५ रंगीत चित्रं, फार भीतिदायक नकोत. काय घेतात, किती दिवस लागतात, तेही सांगा. प्रकाशकाचा प्रश्न नाही, तो मिळाला आहे. त्याला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, म्हणून जरा लवकर.

खडूफळा
भाषा कोणती? मराठीत हॅलोवीनचं पुस्तक कोण विकत घेणार?

टकमक
मित्रा, प्रकाशक मिळाला आहे तर चित्रकार तू का शोधतोयस?

निळी_रेघ
मी पुण्यात चित्रकार आहे, मुलांची पुस्तकं हेच काम. तुम्ही आकार सांगितला नाही, पानं सांगितली नाहीत, चित्रांचे हक्क कोणाकडे राहणार तेही नाही. तरी सांगते. १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) म्हणजे आधी पात्रांची रेखाटनं, मग सगळ्या पानांचा कच्चा आराखडा, दुरुस्त्या, मग रंग. मला पाच-सहा महिने लागतात. आज मे महिना आहे. ऑक्टोबरात छापून हातात, हे गणित बसत नाही. तीन आठवड्यांत देतो म्हणणारा भेटला तर आधी त्याचं जुनं काम बघा.

प्रथम_०७
एवढं कशाला? एआयला सांगा, संध्याकाळपर्यंत १५ चित्रं तयार. फुकट.

निळी_रेघ
हो, आणि प्रत्येक पानावर वेगळीच मुलगी. तिसऱ्या पानावर दोन वेण्या, चौथ्यावर बॉबकट. चार वर्षांच्या पोराला ते आधी दिसतं.

बंड्या_ह्यूस्टन
प्रथम, फुकट असलं तरी एक मेख आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत सांगितलं की मजकूर लेखिकेचा, पण यंत्राने काढलेल्या चित्रांवर तिचा हक्क नाही. शिवाय ॲमेझॉनच्या केडीपीवर (स्वतःचं पुस्तक स्वतः काढायची सोय) पुस्तक चढवताना एआय वापरलं का ते सांगावं लागतं.

पण मूळ प्रश्न: प्रकाशकाकडे जायचंच कशाला? केडीपीवर स्वतः काढा. मी काढलंय.

टकमक
तू काढलंस ते सुडोकूचं पुस्तक होतं ना?

बंड्या_ह्यूस्टन
पुस्तक ते पुस्तक.

रानवेल
टकमक, मी मित्र नाही, आजी आहे. त्यामुळे अहोजाहो नको, पण दादाही म्हणू नका.

राहिलेलं सांगते. कविता इंग्रजीत आहे. मी मूळची नाशिकची, वीसेक वर्षं मराठी बालमासिकांत कविता येतात. सध्या अमेरिकेत, न्यूजर्सीतल्या एडिसनला लेकीकडे आहे. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती, आठवत असेल. पहाटे नातीला उटणं लावून न्हाऊ घातलं, कारीट फोडायला कारीट नव्हतं म्हणून तिने छोटी काकडी फोडली, आणि संध्याकाळी तीच पोर वटवाघूळ होऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरली. जावयाने भोपळा कोरला आणि आतला गर कचऱ्यात टाकायला निघाला. मी हातातून काढून घेतला आणि घारगे केले. दार वाजवणाऱ्या पोरांना चॉकलेटबरोबर घारगाही देऊ केला, तर लेक म्हणाली, आई, घरी केलेलं इथे कुणी घेत नाही. एका भुताने घेतला. तीच गोष्ट आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं परतीचं तिकीट आहे. पुस्तक नातीच्या हातात देऊन जायचं आहे. आता तरी चित्रकार सांगा.

खडूफळा
वाचून बरं वाटलं, पण एक विचारतो. आपल्याकडे पितरांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. भुताखेतांचे सोंग आणून गोडधोड मागायची सवय आपल्या मुलांना लावायची?

टकमक
खडूफळाकाका, शिमग्याला पोस्त मागत कोण फिरायचं?

सातारकर_काका
घारग्याला कोरायचा भोपळा चालला? तो पाणचट असतो असं आमचा मुलगा म्हणतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा केले, सगळे तेलात पसरले.

रानवेल
गर किसून घट्ट पिळून घ्यायचा, मग गुळात शिजवायचा. गोडी कमीच असते, गूळ हात सैल सोडून घाला. चित्रकार!!

पर्णकुटी
आजी, थांबा जरा. मी पेनसिल्व्हेनियात असते, माझं एक इंग्रजी चित्रपुस्तक करारात आहे, म्हणून विचारते. हा प्रकाशक तुमच्याकडे पैसे मागतोय का?

रानवेल
मागतोय म्हणजे पॅकेज आहे. ३,९०० डॉलर. संपादन, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), छपाई, ॲमेझॉनवर नोंद, सगळं त्यात. चित्रं तेवढी आपली. शुक्रवारपर्यंत सही केली तर २० टक्के सूट. माणूस फार अदबीने बोलतो. कविता वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणाला.

निळी_रेघ
आई गं.

बंड्या_ह्यूस्टन
सही करू नका. करू नका. करू नका.

सातारकर_काका
एवढं दचकायला काय झालं? माझे दोन्ही संग्रह मी पैसे देऊन काढले. मराठीत बरेच कवी पदरमोडच करतात. दुसरा संग्रह ३०० प्रतींचा काढला, प्रस्तावना मिळाली, प्रकाशन समारंभ झाला, पेढे वाटले. कवीने पैसे द्यायचे नाहीत तर कोणी?

टकमक
आणि प्रती?

सातारकर_काका
दिवाणात आहेत. हव्या असतील तर पाठवतो.

पर्णकुटी
काका, तुमचं चुकलं असं म्हणत नाही. तुम्हाला माहीत होतं की पैसे आपले, प्रती आपल्या. आजींची गल्लत नेमकी इथेच झाली. आपल्या डोक्यात 'प्रकाशक म्हणजे खर्च आपला' हे इतकं बसलंय की इथल्या भामट्यांना आपण सोपे सापडतो. अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांचा व्यवहार उलटा चालतो. पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो. लेखकाचं लिखाण प्रकाशकाकडे नेणारा एजंटही आधी पैसे मागत नाही. पुस्तक विकलं गेलं तर तुमच्या मिळकतीतले साधारण १५ टक्के घेतो. मानधनाची आगाऊ रक्कम लेखक आणि चित्रकार दोघांना मिळते, पुढची रॉयल्टी दोघांत वाटली जाते.

दुसरं, चित्रकार तुम्ही शोधायचाच नाही. कवितेचा नुसता मजकूर पाठवायचा. चित्रकार संपादक आणि कलादिग्दर्शक निवडतात, आणि बऱ्याचदा लेखकाची नि चित्रकाराची गाठही पडत नाही. माझ्या पुस्तकाची कच्ची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या डोक्यातली मांजर तिथे कुत्रा झाली होती. दोन दिवस रडले. आता वाटतं, कुत्राच बरोबर.

तिसरं, वेळ. करारापासून पुस्तक दुकानात येईपर्यंत दोन वर्षं, कधी जास्त. हॅलोवीनचं पुस्तक ऑक्टोबरात नाही, जुलै-ऑगस्टमध्येच बाहेर काढतात, कारण दुकानांत भोपळे सप्टेंबरात लागतात. येत्या ऑक्टोबरात तुम्हाला 'पुस्तक' देऊ शकणारा फक्त तुमचे पैसे घेणाराच असणार.

आणि २८ कडवी फार झाली. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं. त्यातली शीर्षकाची, कॉपीराइटची वगैरे वजा जाता गोष्टीला उरतात १२ ते १४ जोडपानं. एका जोडपानाला एक कडवं धरा. चित्र जे दाखवणार आहे ते शब्दांतून काढून टाका. भोपळा नारिंगी आहे हे सांगावं लागत नाही.

बंड्या_ह्यूस्टन
बाकी सहमत, पण दोन वर्षं थांबून काय? केडीपी, आजी. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

पर्णकुटी
बंड्या, केडीपीवर पुठ्ठा बांधणीला किमान ७५ पानं लागतात. ३२ पानांचं पुस्तक तिथे साध्या कागदी बांधणीतच निघणार. आणि चार वर्षांची पोरं चित्रपुस्तक हाताळतात कशी, ते पाहिलंयस का?

बंड्या_ह्यूस्टन
मग इन्ग्रामस्पार्क, तीही स्वतः पुस्तक काढायचीच सोय. तिथे पुठ्ठा बांधणी होते. आयएसबीएन बॉवकरकडून (इथे तो देणारी कंपनी) घ्यायचा, एक १२५ डॉलर, दहा घेतले तर २९५.

खडूफळा
भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय एजन्सीकडून.

टकमक
आयएसबीएन कुणी विचारला?

असो, माझ्याही दोन ओळी. मी इथे अमेरिकेत प्राथमिक शाळेत शिकवते, दर ऑक्टोबरात हॅलोवीनची वीसेक पुस्तकं मोठ्याने वाचते. आजी, एखादं कडवं इथे टाकाल का? पूर्ण कविता टाकू नका हं, उघड्यावर टाकलेली कविता बरीच मासिकं 'आधी छापलेली' धरतात.

रानवेल
फाटकावर वटवाघळाचा फुगा बांधलेला असतो, तिथलं देते.

द बलून टाइड अपॉन द गेट
सेड, कम इनसाइड, इट्स गेटिंग लेट!

दोन्हीकडे शब्दांचे आठ-आठ अवयव (उच्चाराचे तुकडे) आहेत, बोटांवर मोजले आहेत.

टकमक
मोजणी बरोबर आहे, आणि अडचण तिथेच आहे. आपला कान मात्रांवर वाढलेला. पादाकुलक वृत्ताच्या सोळा मात्रा भरल्या की चाल आपोआप लागते. इंग्रजी कानाला संख्या पुरत नाही, जोर कुठे पडतो ते लागतं. तुमच्या दुसऱ्या ओळीत जोर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या अवयवावर नीट पडतो: कम, साइड, गेट, लेट. पहिल्या ओळीत मात्र 'बलून'चा 'ब' जोराच्या जागी आला. आपण 'बलून' सपाट म्हणतो, म्हणून खटकत नाही. इथलं मूल ब-लून म्हणतं, जोर 'लून'वर. हॉटेल, गिटार, सगळ्यांत आपण असेच फसतो. यमकाची कविता आली की संपादक नेमकं इथेच कान देऊन वाचतात.

उपाय सोपा आहे. कविता नातीला मोठ्याने वाचायला द्या, तुम्ही वाचू नका. ती जिथे अडखळेल तिथे खूण करा.

खडूफळा
मग यमक सोडून मुक्तछंदात लिहावं.

सातारकर_काका
मुक्तछंद चार वर्षांच्या पोराला? अहो, पोराला पाठ कसं होणार!

पर्णकुटी
टकमकशी शंभर टक्के सहमत. आजी, पुढचा रस्ता विचाराल तर एससीबीडब्ल्यूआय ही बाललेखक-चित्रकारांची संस्था १९७१ पासून आहे. न्यूजर्सीतही त्यांची शाखा आहे, तिथे एकमेकांचं लिखाण तपासणारे गट मिळतात. आणि दरवर्षी ऑक्टोबरात सुझॅना लेनर्ड हिल या लेखिका 'हॅलोवीन्सी' नावाची स्पर्धा घेतात: मुलांसाठी १०० शब्दांत हॅलोवीनची गोष्ट, त्यांनी दिलेले तीन शब्द वापरून. बक्षीस मिळो न मिळो, १०० शब्दांत बसवताना कळतं की आपल्या २८ कडव्यांत पाणी किती. तुमच्या भाषेत, गर पिळून घ्यायचा.

एजंटकडे जाताना एकच कविता घेऊन जाऊ नका. असं आणखी काय आहे, हे ते विचारतात. दोन-तीन पुरी हस्तलिखितं हवीत.

रानवेल
एवढं सगळं होईपर्यंत नात मोठी होईल हो.

निळी_रेघ
म्हणूनच मी म्हणते, दोन कामं वेगळी करा. बाजारातलं पुस्तक होईल तेव्हा होईल. नातीचं पुस्तक ऑक्टोबरात. १४ कडवी, जाड कागद, एका बाजूला तुमच्या अक्षरात कडवं, दुसऱ्या बाजूला चित्र नातीने काढायचं. तुम्ही दुमडून मधून शिवा. वय काय तिचं?

रानवेल
सहा पूर्ण. भिंतीही तिने सोडलेल्या नाहीत.

प्रथम_०७
स्कॅन करून फोटोबुक छापून मिळतं. एक प्रत. आठवड्यात येतं. ह्या वेळेला एआय म्हणत नाही.

रानवेल
त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. लगेच उत्तर आलं, सूट ३५ टक्के करतो.

नातीला कविता वाचायला दिली. टकमक, ती बरोबर 'बलून'लाच अडली. मग आम्ही दोघींनी मिळून 'अ बॅट बलून अपॉन द गेट' केलं. आता न अडखळता म्हणते, जेवताना पण म्हणते. आणखी नऊ ठिकाणी खुणा झाल्या आहेत. सात कडवी गाळली. घारग्याचं कडवंही गाळूया म्हटलं तर तिने कागद लपवून ठेवला, ते राहिलं.

टकमक
ते काढूच नका. एका भुताने घारगा घेतला, तिथेच तर गोष्ट आहे.

सातारकर_काका
गूळ किती घेतला होता ते सांगायचं राहिलं.

रानवेल
पिळलेला गर दोन वाट्या असेल तर गूळ दीड वाटी. कणकेत चमचाभर तांदळाची पिठी घाला, पसरणार नाहीत.

गोदाकाठ
धागा पूर्ण वाचला नाही. माझ्या मेहुण्याचा मित्र चित्रकार आहे, लग्नपत्रिका, बॅनर सगळं करतो, चार दिवसांत देईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?