विट्याजवळच्या गावाची लोकसंख्या आणि प्रवासाची सोय

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावची 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या मतदारयादीच्या मानाने फारच कमी दिसते, ती का? पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांनी कोठे उतरावे?

उत्तर 1 : जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, त्यामुळे गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायासाठी तमिळनाडू, केरळपर्यंत गेलेली आपली कुटुंबे, गावात घर, शेत आणि मतदारयादीत नाव असले तरी, तिकडच्या आकड्यांत धरली जातात. एसटीच्या फेऱ्या मागताना हे आवर्जून मांडा, कारण यात्रेला आणि दिवाळीला हीच माणसे गावी येतात.

उत्तर 2 : विट्याला रेल्वे नाही. पुणे-मिरज मार्गावरील कराडला उतरावे. तेथून गुहागर-विजापूर महामार्ग थेट विट्यात येतो. किर्लोस्करवाडीही सोयीचे आहे, मात्र तेथे सगळ्याच गाड्या थांबत नाहीत, तेवढे पाहून तिकीट काढावे.