मदत हवी आहे: गर्ल स्काउटच्या मुलींसोबत पॅरिस ते व्हेनिस, रेल्वे पास की सुटी तिकिटं?

पुढच्या जूनमध्ये आमच्या तुकडीतल्या १३ ते १६ वयाच्या १८ मुली आणि आम्ही ४ लीडर युरोपात जातोय. मार्ग ठरलाय: पॅरिस, मग स्वित्झर्लंडमध्ये आडेलबोडेनचं 'अवर शॅले' (१९३२ पासूनचं गर्ल गाइड-गर्ल स्काउटांचं हे जागतिक केंद्र मुलींना दाखवायचंच आहे, ते वगळा असं कृपया सुचवू नका), शेवटी मिलानवरून व्हेनिस. पालकांची संमतीपत्रं, विमा, मुक्काम झालेत. बस भाड्याने घेणं बजेटबाहेर आहे.

अडलंय रेल्वेवर. यूरेलचा (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा रेल्वे पास) युवा पास मुलींना स्वस्त पडतो, पण पॅरिसहून सुटणाऱ्या टीजीव्हीत (फ्रान्सची वेगवान गाडी) पास असला तरी आरक्षण वेगळं लागतं आणि पासधारकांच्या जागा मर्यादित असतात. इटलीच्या वेगवान गाड्यांनाही आरक्षण लागतंच. सुटी तिकिटं लवकर काढली तर स्वस्त, पण एखादी मुलगी ऐनवेळी गळली तर पैसे बुडण्याची भीती. गट फोडून दोन गाड्यांनी जायची तयारी आहे, मात्र प्रत्येक गाडीत दोन लीडर हवेतच.

एवढ्या मोठ्या गटाने या मार्गावर पास वापरलाय का कुणी? टीजीव्हीत सगळ्यांना आरक्षण मिळालं का? आणि आडेलबोडेनहून फ्रुटिगेन रेल्वे स्टेशनपर्यंतच्या बसला सामानासकट २२ जणांसाठी आधी कळवावं लागतं का?