सॅग मिलमध्ये स्लरी तुंबते: ग्रेट बदलावी की पल्प लिफ्टर?

खाणवाट:
तांब्याचं खनिज स्टीलचे बॉल आणि खनिजाचेच दगड यांनी दळणारी सॅग मिल, आतला व्यास ८ मीटर, क्रिटिकल स्पीडच्या (ज्या वेगाला माल भिंतीला चिकटून फिरू लागतो) ७४ टक्के, म्हणजे साधारण ११ आरपीएम. पल्प लिफ्टर (ग्रेटमागचे, स्लरी म्हणजे दळलेलं खनिज-पाणी उचलून बाहेर सोडणारे कप्पे) सरळ रेडियल, ग्रेटचा (बाहेर जायच्या टोकाची फटींची जाळी) उघडा भाग ड्रॉइंगप्रमाणे ८ टक्के. सायक्लोनचा अंडरफ्लो (त्यात वेगळा झालेला जाडा माल) परत याच मिलमध्ये. फीड वाढवला की बेअरिंग प्रेशर चढतं, पॉवर उतरते. उघडा भाग ११ टक्क्यांवर न्यावा का?

चाळण:
आधी स्लरीच साचते का ते बघा. नुसत्या दगडांच्या ओव्हरलोडलाही हीच लक्षणं दिसतात. फीड, पाणी आणि मिल एकदमच बंद करा. फीड तोडून मिल फिरत ठेवलीत तर पुरावाच वाहून जाईल. लॉकआउट करून (मिल चुकूनही सुरू होणार नाही अशी कुलूपबंद करून) आत बघा: बॉल-दगड बुडून वर स्लरी उभी असेल तर स्लरीचं तळं साचलंय. थांबल्यावर लिफ्टरमधलीही थोडी आत उतरते, तेव्हा चार बोटं पाण्यावर निकाल देऊ नका. चार्ज (बॉल-दगडांचा ढीग) उघडा दिसला तर लिफ्टरला हातच लावू नका.

रहाट:
नुसती भोकं वाढवून भागणार नाही. लिफ्टरचा कप्पा भरून वर चढू लागला की ग्रेटच्या आतल्या बाजूला स्लरी नसते, मग त्याच फटींतून ती परत आत पडते. जायची वाट रुंदावली तशी परतीचीही. शिवाय एक फेरा जेमतेम साडेपाच सेकंदांचा. शेलपाशी (मिलच्या बाहेरच्या भिंतीपाशी) बाहेरची ओढ ०.७४ चा वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या ५५ टक्के. अगदी माथ्यावरसुद्धा मध्याकडे घसरायला ४५ टक्केच उरतात. उरलेली स्लरी आणि खडे पुढच्या फेऱ्यात तसेच. कप्प्याचा बाहेरचा कोपरा खाल्लेला दिसला तर हेच कारण.

चाळण:
फटीही मोजा. झिजलेले बॉल अडकून ड्रॉइंगमधले ८ टक्के प्रत्यक्षात ५ झालेले असू शकतात. फट बाहेरच्या बाजूला रुंद होत जायला हवी. प्लेट उलटी बसली तर पाचरच ठोकली म्हणा. आणि अंडरफ्लो बॉल मिलकडे वळवता येत असेल तर पहिलं तेच, फुकटात होतं.

खाणवाट:
बॉल मिल नाही. वक्र लिफ्टर बसवले तर? लायनर (आतलं अस्तर) दोन्हीकडून सारखे झिजावेत म्हणून आम्ही मिल फिरायची दिशा बदलतो.

रहाट:
मग वक्र विसरा, ते एकाच दिशेचे. रेडियलच ठेवून कप्पा खोल करा: तेवढीच स्लरी पसरून बसते, ग्रेटपाशी पातळी उतरते, परत कमी जाते. मिलचं थोडं आकारमान जाईल, ते सोसा.